अमेरिकेत आरोग्यविम्यावरून एवढी का जुंपते?

शरयू_नाशिक

२०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर, तब्बल ४३ दिवस अमेरिकेचं केंद्र सरकार बंद होतं. विमानतळावरचे कर्मचारी बिनपगारी कामावर, कार्यालयांना टाळं. कारण काय, तर आरोग्यविम्याच्या हप्त्यावर मिळणारं वाढीव अनुदान ३१ डिसेंबरला संपणार होतं आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही यावर दोन पक्षांचं जमेना. शेवटी सरकार सुरू झालं आणि अनुदान संपायचं ते संपलंच.

आपल्याकडे भांडायला विषय कमी आहेत असं नाही. पण राजीव गांधींच्या नावाची जीवनदायी योजना आघाडी सरकारने आणली, युती सरकारने २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव दिलं, आणि ती चालूच राहिली. ‘मुळापासून उपटून टाकू’ असं कोणी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तिकडे २०१० चा आरोग्यविमा कायदा (ओबामाकेअर) होऊन १५ वर्षं उलटली तरी तोच वाद. आमच्याच नात्यात न्यू जर्सीची मावसबहीण आणि तिचा फ्लोरिडातला दीर हा विषय निघाला की एकमेकांकडे बघत नाहीत.

तिकडच्या मंडळींनी जरा समजावून सांगा. मला तर वाटतं विमा हे नुसतं निमित्त आहे, भांडण दुसरंच काहीतरी आहे.

खवचट_खंडू

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तात्या आले की उठवा.

ओहायोवासी

शरयूताई, थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेत विमा नोकरीला चिकटला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर बंदी घातली, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. माणसं मिळेनात तेव्हा कंपन्या पगाराऐवजी विमा देऊ लागल्या. पुढे १९५४ च्या करकायद्याने त्या रकमेवरची करमाफी पक्की केली. बसली घडी. ज्याला चांगली नोकरी त्याला विमा. १९६५ मध्ये म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आलं. मधे लटकले ते छोटे धंदेवाले, अर्धवेळ काम करणारे आणि नोकरी गेलेले.

त्यांच्यासाठी २०१० चा कायदा, ज्याला सगळे ओबामाकेअर म्हणतात. आजार आहे म्हणून विमा नाकारायचा नाही, २६ वर्षांपर्यंत मुलं आईबापांच्या पॉलिसीत, आणि प्रत्येकाने विमा घ्यायचाच, नाही घेतला तर दंड (तो २०१९ पासून शून्य झाला).

आता गंमत ऐका. ही सक्तीची कल्पना मूळची रिपब्लिकन बाजूची. हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या अभ्याससंस्थेने १९८९ मध्ये मांडली. १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या योजनेला पर्याय म्हणून रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांनी जे विधेयक आणलं त्यात ती होती आणि सिनेटमधले रिपब्लिकन नेते बॉब डोल सहप्रस्तावक होते. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी प्रत्यक्षात आणली, सही करताना डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडी शेजारी उभे. तेच रॉम्नी २०१२ मध्ये ‘निवडून आलो की ओबामाकेअर रद्द’ म्हणत देशभर फिरले. शरयूताईंचा संशय बरोबर आहे, एवढंच सांगतो.

तात्या_टेक्सास

आलो.

ओहायोवासी नेहमीप्रमाणे अर्धा इतिहास सांगून गेले. एका राज्याने आपल्या पैशाने, आपल्या विधिमंडळात, दोन्ही पक्षांना घेऊन केलेला प्रयोग वेगळा आणि वॉशिंग्टनने ५० राज्यांवर लादणं वेगळं. ज्यांना हा फरक दिसत नाही त्यांना ‘राज्यांचे अधिकार’ हा अमेरिकेतला अर्धा वादच कळलेला नाही.

आणि लादलं कसं ते पण सांगा ना. २००९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सिनेटमध्ये ६० विरुद्ध ३९. जानेवारीत टेड केनेडींच्या रिकाम्या जागेवर, तेही मॅसॅच्युसेट्समध्ये, रिपब्लिकन स्कॉट ब्राउन निवडून आला. विरोधकांची अडवणूक मोडायला लागणारं साठावं मत गेलं. तेव्हा दुरुस्त्या वेगळ्या अर्थसंकल्पी वाटेने काढल्या आणि मार्चमध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ ने गाडी रेटली. एकही रिपब्लिकन मत नाही, वर स्वतःचेच ३४ डेमोक्रॅट विरोधात. त्या नोव्हेंबरात लोकांनी प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅटांच्या ६३ जागा हिसकावून घेतल्या.

आता माझं सांगतो. माझा एसी दुरुस्तीचा छोटा धंदा आहे. घरात आम्ही चौघं. २०१३ च्या शेवटी विमा कंपनीचं पत्र आलं, तुमची पॉलिसी नव्या नियमांत बसत नाही, बंद. ‘तुमचा विमा आवडत असेल तर तुमच्याकडेच राहील’ असं राष्ट्राध्यक्ष किती वेळा म्हणाले होते! नवी पॉलिसी घेतली, तीत बाळंतपणाचं संरक्षण सक्तीचं. बायकोने विचारलं, आता कोणाचं? काही वर्षांत हप्ता महिना १,३०० डॉलरवर आणि डिडक्टिबल १३,००० वर गेलं. म्हणजे वर्षाला १५ हजार भरून वर पहिले १३ हजार खिशातून. आणि उत्पन्न मर्यादेच्या जरा वर, म्हणून अनुदान शून्य. हे ‘निमित्त’ नाही ताई, हा माझा चेकबुकातला आकडा आहे.

खवचट_खंडू

‘आता कोणाचं?’ हाहाहा. काकूंना साष्टांग.

मिनी_शिकागो

तात्या, तुमच्या हप्त्याबद्दल सहानुभूती आहे, मनापासून. पण २०१० च्या आधीचं चित्र तुम्ही रंगवता तेवढं गुलाबी नव्हतं.

नवऱ्याला टाइप १ मधुमेह. २००८ मध्ये त्याला नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं होतं. एका मोठ्या कंपनीकडे अर्ज केला. पानंच्या पानं प्रश्न, दहा वर्षांत कोणत्या डॉक्टरांकडे गेलात, कोणती औषधं, वजन किती. दोन आठवड्यांत नकार, एका ओळीत. राज्याची जोखमीच्या रुग्णांसाठी वेगळी योजना होती, तिचा हप्ता घराच्या हप्त्याच्या आसपास जात होता. नोकरी सोडायचा विचारच सोडला. तो २०१४ मध्ये बाहेर पडला, कारण आता नाकारता येत नव्हतं. आज त्याच्याकडे कामाला माणसं आहेत.

आणि बाळंतपणाचं म्हणाल तर आधी स्वतंत्र पॉलिसीत ते बहुतेक वेळा नसायचंच, गरोदर बाईला सरळ नाकारायचे. पन्नाशीच्या माणसाने बाळंतपणाचे पैसे का भरायचे? विशीतल्या मुलीने तुमच्या प्रोस्टेटचे भरायचे म्हणून.

कडुलिंब

+१ मिनी. शेवटची ओळ फ्रेम करून दवाखान्यात लावतो.

अवांतर: मी पुण्यात प्रॅक्टिस करतो. आपल्याकडेही ‘हा आजार आधीपासूनचा होता’ हे वाक्य रोज ऐकतो. रुग्ण बरा होऊन कपडे घालून पलंगावर बसलेला असतो आणि टीपीएची (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या मधल्या संस्थेची) मंजुरी संध्याकाळी सहाला येते. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी गेला म्हणून लोकांनी पेढे वाटले, पण मंजुरी अजून सहालाच येते.

नीलमोहर

तात्या आणि ओहायोवासी दोघेही एकाच कायद्याभोवती फिरताय. डावीकडून बघा. मुळात २०१० चा कायदा खाजगी कंपन्यांना गिऱ्हाईक मिळवून देणारा. त्यात सरकारी विम्याचा पर्याय होता, तो सिनेटर जो लीबरमन यांच्या एका मताने काढावा लागला. देशाच्या उत्पन्नाचा १७-१८ टक्के भाग आरोग्यावर खर्च होतो आणि तरी २ कोटींहून जास्त लोक विम्याविना. सरळ सगळ्यांना मेडिकेअर द्या, विषय संपला. आपले बेळगावचे श्री ठाणेदार तिकडे मिशिगनमधून निवडून आलेत, तेही याच मताचे.

तात्या_टेक्सास

घ्या! म्हणजे डेमोक्रॅटांचंही आपसात पटत नाही. आणि खर्च करायचा कोणी? नोकरीतून मिळालेला विमा सोडायला तुमची आयटीतली मंडळी तयार आहेत का, हे आधी विचारा.

चकली_काकू

राजकारण चालू द्या, मला एक प्रश्न आहे. आम्ही दोघं मार्चमध्ये मुलाकडे जातोय, सहा महिने. यांना बीपी आहे, माझे गुडघे. व्हिजिटर इन्शुरन्स कोणता घ्यावा? आणि पुढे ग्रीन कार्ड केलं तर ६५ नंतर मेडिकेअर लगेच मिळतं ना?

ओहायोवासी

काकू, लगेच नाही. अमेरिकेत काम करून कर भरलेला नसेल तर कायदेशीर रहिवासी म्हणून सलग ५ वर्षं राहावं लागतं, त्यानंतर हप्ता भरून विकत घेता येतं. तोवर ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांना ओबामाकेअरच्या बाजारातून (त्या कायद्याने उघडलेल्या विमा-दुकानातून) पॉलिसी घेता येते, बीपी आहे म्हणून नाकारत नाहीत. गेली दहा-बारा वर्षं कितीतरी मराठी घरांनी आईवडिलांसाठी हेच केलंय. त्यांत तात्यांच्या पक्षाला मत देणारेही पुष्कळ.

व्हिजिटर इन्शुरन्स घेताना ‘आधीपासूनच्या आजाराचा अचानक झटका’ यासाठी किती रक्कम आहे ते बघा. स्वस्तातल्या पॉलिसीत ती अगदी किरकोळ असते. आणि औषधं सहा महिन्यांची भारतातूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

मिनी_शिकागो

काकू, आणि एक. दवाखान्यातून आल्यावर विमा कंपनीचा जो पहिला कागद येईल त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल, ‘धिस इज नॉट अ बिल’. खाली आकडा बघून यांचं बीपी वाढू देऊ नका. खरं बिल नंतर येतं. आमच्या सासऱ्यांनी तो कागद वाचून तिकिटं बदलायला काढली होती.

खवचट_खंडू

बिल नाही म्हणून सांगणारं बिल. मान गये.

जुनाट

बरेच दिवसांनी लिहितोय. मी १९७१ मध्ये अमेरिकेत आलो, त्यामुळे थोडा म्हातारचळ सहन करा.

आज कोणाला खरं वाटणार नाही, पण मेडिकेअरला प्रतिनिधिगृहात शेवटच्या मतदानात ७० रिपब्लिकनांनी मत दिलं होतं, सिनेटमध्ये १३ जणांनी. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन मिसूरीत जाऊन माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या शेजारी बसून सही करून आले. निक्सन यांनी १९७४ मध्ये मालकांनी कामगारांना विमा द्यायलाच हवा अशी योजना आणली होती. आजच्या मापाने ती ओबामांपेक्षा डावीकडे पडेल. ती केनेडी आणि कामगार संघटनांना पुरेशी वाटली नाही, तेवढ्यात वॉटरगेट प्रकरणात निक्सनच गेले. हाता-तोंडाशी आलेला घास गेला. दवाखान्याच्या दारातून गंभीर रुग्णाला पैशासाठी परत पाठवायचं नाही हा १९८६ चा कायदा, त्यावर सही रेगन यांची. औषधांचं मेडिकेअर २००३ मध्ये धाकट्या बुश यांनी आणलं.

तेव्हा दोन्ही पक्षांत दोन्ही प्रकारची माणसं होती. दक्षिणेतले कर्मठ डेमोक्रॅट, ईशान्येकडचे मवाळ रिपब्लिकन. चेफी त्यांतलेच. ती जात आता नामशेष झाली. रिपब्लिकन प्रतिनिधीला भीती डेमोक्रॅट उमेदवाराची नसते, स्वतःच्या पक्षातल्या प्राथमिक निवडणुकीत आणखी कडवा कोणी उभा राहील याची असते. समोरच्याशी हातमिळवणी केल्याचा एक फोटो पुरतो.

२००९ च्या ऑगस्टमधल्या सभा मी डोळ्यांनी पाहिल्यात. आमच्या भागातल्या खासदाराला लोक बोलू देत नव्हते. ‘डेथ पॅनल’ (कोणाचे उपचार थांबवायचे ते ठरवणारी सरकारी समिती) हा शब्द रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिन यांनी फेसबुकवर टाकला आणि महिन्याभरात माझ्या शेजारची ८० वर्षांची बाई मला विचारत होती की तिचं डायलिसिस बंद करणार का. मूळ तरतूद एवढीच होती की शेवटच्या दिवसांत काय उपचार हवेत याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं असेल तर त्या भेटीचे पैसे मेडिकेअरने द्यावेत.

नीलमोहर

जुनाट काका, लिहीत चला हो. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शरयूताईंच्या मुद्द्याला धरून: स्टॅनफर्डचे शांतो अय्यंगार यांचं काम बघा. १९६० मध्ये ‘मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल’ म्हणणारे ५ टक्क्यांच्या आसपास. २०१० मध्ये रिपब्लिकनांत जवळजवळ निम्मे, डेमोक्रॅटांत एक तृतीयांश. आपल्याकडे जात विचारतात, तिकडे पक्ष.

आणि केंटकी. तिथल्या डेमोक्रॅट गव्हर्नरने ओबामाकेअरचं दुकान ‘कायनेक्ट’ या नावाने उघडलं, ओबामांचं नाव कुठे येऊ दिलं नाही. लोकांना कायनेक्टबद्दल फारशी तक्रार नव्हती, ओबामाकेअर मात्र नकोसं. दोन्ही एकच! पुढे रिपब्लिकन मॅट बेव्हिन गव्हर्नर झाले, त्यांनी ते बंद केलं. मग डेमोक्रॅट अँडी बेशियर आले आणि पुन्हा उघडलं.

तात्या_टेक्सास

दरवेळी केंटकी. विरोध करणारा माणूस मूर्ख आहे, त्याला कळत नाही, हेच सांगायचंय ना? याच सुरामुळे लोक तुम्हाला मत देत नाहीत.

आणि शरयूताईंना एक कोणी सांगितलं नाही. जे अनुदान संपलं म्हणून गळे काढताय ते २०२१ मध्ये कोविडसाठी तात्पुरतं आणलं होतं. २०२२ मध्ये वाढवलं. २०२५ ही मुदत लिहिली कोणी? डेमोक्रॅटांनीच. कायमचं केलं असतं तर खर्चाचा आकडा कागदावर दिसला असता.

मिनी_शिकागो

मुदतीचा मुद्दा मान्य, ती लबाडीच होती. पण तात्या, एक विचारू? २०२१ नंतर मर्यादेच्या वरच्यांनाही अनुदान मिळायला लागलं. तुमच्या त्या १,३०० चं पुढे काय झालं?

खवचट_खंडू

अरे बाप रे. (खुर्ची पुढे ओढतो.)

तात्या_टेक्सास

घेतलं. चार वर्षं घेतलं. कर भरतो मी, का नाही घेणार? घरकर्जाच्या व्याजाची सूट तुम्ही घेताच ना?

आणि यंदा, २०२६ मध्ये, ते गेलं. चौघांच्या कुटुंबाला १,२८,६०० डॉलरची रेघ आहे, एक डॉलर वर गेलं की सगळं अनुदान साफ. नवीन वर्षाचा हप्ता बघून मी माझ्या रिपब्लिकन खासदाराच्या कार्यालयात फोन केला. ही रेघ तुमच्याच २०१० च्या कायद्यातली आहे हे मात्र विसरू नका. दुरुस्त करा म्हणून आमच्या लोकांनी किती वेळा सांगितलं.

ओहायोवासी

सांगितलं? रद्द करण्यासाठी डझनावारी मतदानं घेतली, दुरुस्तीसाठी किती? २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष, सिनेट, प्रतिनिधिगृह सगळं हातात होतं. जुलैच्या एका मध्यरात्री, दीडच्या सुमाराला मेंदूचा कर्करोग झालेले रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन रद्द करण्याच्या मतदानाला सभागृहात आले, व्हिएतनाममध्ये मोडलेला हात जेमतेम वर केला आणि अंगठा खाली. ४९ विरुद्ध ५१. सात वर्षं ‘रद्द करून नवं आणू’ चाललं होतं, नवं काय ते शेवटपर्यंत कोणी दाखवलं नाही.

अ‍ॅडमिन

वैयक्तिक पातळीवर न येता लिहावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

खवचट_खंडू

माझा एक होता. त्यात फक्त चकली काकूंना भाजणीचं प्रमाण विचारलं होतं.

रानवाट

मी मिसूरीत नर्स आहे, ग्रामीण भागात. आमच्याकडे ट्रम्प यांना भरभरून मतं पडतात. त्याच राज्यात ऑगस्ट २०२० मध्ये मेडिकेड वाढवायचं का (२०१० च्या कायद्यानुसार आणखी कमी उत्पन्नवाल्यांना द्यायचं का) यावर थेट सार्वमत घेतलं आणि ते मंजूर झालं. आधी ओक्लाहोमा, नंतर साउथ डकोटा. आयडाहो, युटा, नेब्रास्काही तसंच. सगळी लालभडक, म्हणजे पक्की रिपब्लिकन राज्यं. कागदावर पक्षाचं नाव नसलं की लोक वेगळं मत देतात, हे मी कामावरच्या मंडळींकडून ऐकलंय. एक जण म्हणाला, ओबामाकेअरला माझा विरोधच आहे, पण आपलं हॉस्पिटल बंद पडता कामा नये.

तात्यांच्या टेक्साससकट १० राज्यांनी अजून वाढ केलेली नाही. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी विमा न घेतल्याचा दंड कर म्हणून वैध ठरवला आणि मेडिकेडची वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली, त्याचा हा परिणाम. टेक्सासमध्ये मूलबाळ नसलेला, अपंग नसलेला प्रौढ कितीही गरीब असला तरी मेडिकेड नाही. आणि बाजारातलं अनुदान गरिबीरेषेच्या वरच सुरू होतं. म्हणजे पगार वाढला तर मदत, नाही वाढला तर काहीच नाही. असे रुग्ण आमच्याकडे वाढ न केलेल्या शेजारच्या राज्यांतून येतात. पायाची जखम घेऊन येतात, तेव्हा बोटं काळी पडलेली असतात.

तात्या_टेक्सास

हे मला पटत नाही असं कुठे म्हटलं? टेक्साससाठी वेगळी रचना करा, पैसे राज्याला द्या, अटी कमी ठेवा. काम करू शकणाऱ्याने काम करावं एवढीच अपेक्षा आहे.

रानवाट

तात्या, कामाची अट आता कायद्यातच आलीय, ४ जुलै २०२५ च्या ‘बिग ब्युटिफुल बिल’मध्ये. महिन्याला ८० तास आणि ते सिद्ध करायचे कागद. माझे बहुतेक रुग्ण काम करतातच, कोंबड्यांच्या कारखान्यात नाहीतर लोकांच्या घरी म्हाताऱ्यांची सेवा. त्यांचे तास दर आठवड्याला बदलतात, पगाराची चिठ्ठी कधी मिळते कधी नाही. गळती तिथेच होणार. मेडिकेड वाढवलेल्या बहुतेक राज्यांत ती अट २०२७ च्या जानेवारीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२६ च्या निवडणुका उरकल्यावर. हे योगायोगाने झालं असं मला नाही वाटत.

शरयू_नाशिक

बापरे, विचारलं एक आणि मिळालं पुष्कळ. सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललंय. तात्यांचा हप्ता आणि मिनीच्या नवऱ्याला मिळालेला नकार, दोन्ही खरंच घडलेलं. विमा निमित्त नाहीये. पण एकच प्रश्न राहिला. असा एकही कायदा नाही का, ज्यावर दोघांचं पटलं?

ओहायोवासी

आहे. विमावाल्या हॉस्पिटलात गेलात आणि भूल देणारा डॉक्टर तुमच्या कंपनीच्या यादीबाहेरचा निघाला, की घरी वेगळं अवाढव्य बिल यायचं. ते बंद करणारा कायदा डिसेंबर २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून केला, ट्रम्प यांनी सही केली, बायडन यांच्या काळात लागू झाला. त्यावर फारसा प्रचार झाला नाही. बहुतेक अमेरिकनांना त्याचं नावही माहीत नसेल.

तात्या_टेक्सास

त्याचा मला फायदा झालाय. मुलाच्या अपेंडिक्सच्या वेळी. हे एक बरं केलं त्यांनी.

खवचट_खंडू

तारीख लिहून ठेवा. तात्या आणि ओहायोवासी एका मतावर.

तात्या_टेक्सास

जास्त उड्या मारू नकोस. २०१० वर माझं मत आहे तेच आहे.

चकली_काकू

अहो, पण व्हिजिटर इन्शुरन्समध्ये गुडघे धरतात का?